फारिनेल्ली

फारिनेल्ली : (२४ जानेवारी १७०५–१६ सप्टेंबर १७८२). अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ मानला गेलेला इटालियन कास्त्रातो गायक. मूळ नाव कार्लो ब्रॉस्की. मुलाचा कंठ फुटण्यापूर्वी शस्त्रक्रियेने त्याचे वृषण निकामी करून ज्यांचा बालपणीचा उंच आवाज कायम राखला जाई, अशा गायकांना इटालियन भाषेत ‘कास्त्रातो’ म्हणत. सतराव्या व अठराव्या शतकांत इटालियन संगीतिकेतील नायकाच्या प्रमुख भूमिका बहुधा अशा गायकांकडे असत. फारिनेल्लीच्या आयुष्याचे तीन खंड पडतात : यूरोपातील रंगभूमीवरील सतरा वर्षे (१७२०–३७), स्पेनच्या राजदरबारातील सु. बावीस वर्षे (१७३७–५९) आणि बोलोन्या येथील निवृत्त जीवन (१७६०–८२). कीर्तीच्या शिखरावर असताना वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने सार्वजनिक रंगभूमी सोडली आणि नंतर तो तीवर कधीही गायला नाही. गायनकलेचा एक परमोत्कर्ष आणि त्यासाठी एका बालकाच्या देहावर करण्यात आलेला, कधीही भरून न निघणारा आघात ही दोन्ही त्याच्या चरित्रात एकत्र आली आहेत. त्यांपैकी एकाचाच विचार केल्यास त्याचे मूल्यमापन अपुरे राहते.

पार्श्वभूमी : ख्रिस्ती चर्चमधील उपासनेच्या वेळी स्त्रियांनी गाऊ नये, असा दंडक यूरोपात दीर्घकाळ पाळला जात होता. अनेकस्वरी धर्मसंगीतातील उंच स्वरपंक्तींसाठी मुलांची योजना करीत. परंतु वर्षानुवर्षे शिक्षण देऊन मुलगा तयार होतो न होतो, तोच त्याचा कंठ फुटे. ह्या अडचणीतून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कास्त्रातो गायकांचा चर्चच्या वृंदांत प्रवेश झाला. पोप पाचवा सिक्स्टस ह्याने १५८९ मध्ये रोम येथील सेंट पीटर चर्चच्या गायकवृंदाची पुनर्रचना करताना त्यांना अधिकृतपणे स्थान दिले. सतराव्या शतकात संगीतिकेचा उदय झाल्यावर हे गायक चर्चमधून रंगभूमीवर आले. पोपच्या सत्तेखालील प्रदेशात स्त्रियांना रंगमंचावर येण्यास मनाई असल्यामुळे तेथे स्त्रीभूमिकाही त्यांच्याकडेच असत.

ह्या व्यवस्थेत एक उघड विसंगती होती. अवयवच्छेदाची शस्त्रक्रिया चर्चच्या आणि दिवाणी कायद्याने दंडनीय होती. मात्र तिच्यातून निर्माण झालेल्या आवाजाला चर्च, राजदरबार आणि नाट्यगृहे ह्या तिन्ही ठिकाणी मागणी होती. परिणामी शस्त्रक्रिया गुपचूप होई आणि तिचे कारण म्हणून अपघाताची किंवा आजाराची एखादी कथा सांगितली जाई. दारिद्र्याने गांजलेले पालक मुलाच्या भावी उत्पन्नाच्या आशेने तिला संमती देत. नेपल्समध्ये मुळात अनाथ मुलांसाठी स्थापन झालेली चार संगीत विद्यालये अशा मुलांच्या शिक्षणाची केंद्रे बनली. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी कीर्ती व संपत्ती मिळविणारे अगदी थोडे असत. काहींना गावोगावच्या चर्चमध्ये किरकोळ वेतनावर गावे लागे, तर काहींचा आवाज मुळातच सामान्य निघे. कास्त्रातोंना विवाहाची परवानगी नव्हती आणि रंगमंचावर ज्यांचा जयजयकार होई, त्यांचीच रस्त्यात टवाळीही होई.

शरीरक्रियेच्या दृष्टीने ह्या आवाजाचे वैशिष्ट्य समजून घेण्यासारखे आहे. मुलगा वयात येताना वृषणांतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांमुळे (उत्तेजक स्रावांमुळे) स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सु. एक सप्तक खाली उतरतो. हे स्राव बंद झाल्यास स्वरयंत्र लहानच राहते. परंतु शरीराची बाकीची वाढ थांबत नाही. हाडांच्या टोकांशी असणारी वाढीची कूर्चा वेळेवर न मिटल्याने हातपाय अधिक काळ लांब होत राहतात आणि छातीचा पिंजराही मोठा होतो. अशा रीतीने मुलाचे स्वरतंतू आणि प्रौढाची फुप्फुसे ह्यांचा संयोग घडून येई. त्याला आठ-दहा वर्षांच्या कठोर अभ्यासाची जोड मिळाली, तर मुलाच्या वा स्त्रीच्या आवाजाहून निराळा, उंच, बलवान आणि विलक्षण दमसासाचा आवाज तयार होई.

बालपण व शिक्षण : फारिनेल्लीचा जन्म नेपल्सच्या राज्यातील आंद्रिया ह्या गावी झाला. त्याचे वडील साल्व्हातोरे ब्रॉस्की हे संगीतकार होते आणि थोरला भाऊ रिकार्दो हाही पुढे संगीतिकाकार म्हणून प्रसिद्धीस आला. कुटुंब खाऊनपिऊन सुखी होते, त्यामुळे केवळ दारिद्र्याचे कारण ह्या प्रकरणी लागू पडत नाही. १७१७ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा कार्लो बारा वर्षांचा होता. घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीमुळे शस्त्रक्रिया करावी लागली, असे त्याच्या बाबतीतही सांगण्यात येई. तथापि मुलाच्या आवाजाचे मोल ओळखून घरातील वडीलधाऱ्यांनीच हा निर्णय घेतला असावा, असे त्याचे चरित्रकार मानतात.

नेपल्समध्ये त्याने नीकोला पोर्पोरा (१६८६–१७६८) ह्या ख्यातनाम संगीतरचनाकाराकडे व गायनगुरूकडे शिक्षण घेतले. श्वासावरील ताबा, स्वरांची शुद्धता, कंपित स्वर, द्रुत ताना आणि अलंकरण ह्या अंगांची तयारी पोर्पोरा अत्यंत काटेकोरपणे करून घेई. ‘फारिनेल्ली’ हे नाव फारीना ह्या नेपल्समधील आश्रयदात्या कुटुंबावरून घेतलेले असावे, असा समज आहे. १७२० मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी पोर्पोराच्या आंजेलिका ए मेदोरो ह्या रचनेतून त्याने श्रोत्यांपुढे प्रथम गायन केले. तिची संहिता प्येत्रो मेतास्ताझ्यो (१६९८–१७८२) ह्या तरुण कवीची होती. पुढे मेतास्ताझ्यो हा अठराव्या शतकातील सर्वांत प्रभावी संगीतिका-संहिताकार ठरला. दोघांनी एकाच कृतीतून कलाजीवनास प्रारंभ केल्याने ते परस्परांना ‘जुळा भाऊ’ म्हणून संबोधीत. हा स्नेह अखेरपर्यंत, मुख्यतः पत्रव्यवहाराच्या रूपाने टिकला.

रंगभूमीवरील कारकीर्द : १७२२ पासून फारिनेल्ली रोममध्ये गाऊ लागला. सुरुवातीच्या काळात त्याच्या वाट्याला अनेकदा स्त्रीभूमिका आल्या. रोममधील एक प्रसंग चार्ल्स बर्नी (१७२६–१८१४) ह्या इंग्रज संगीतेतिहासकाराने नमूद केला आहे. एका गीताला ट्रंपेटची साथ होती आणि गायक व वादक ह्यांच्यात रोज रात्री चढाओढ लागे. एके रात्री दोघांनी एकच स्वर फुलवीत व कंपित करीत इतका वेळ धरला, की दोघांचाही दम संपला असे श्रोत्यांना वाटले. वादक थकून थांबला. फारिनेल्लीने मात्र स्मितहास्य करीत त्याच श्वासात पुन्हा जोमाने द्रुत ताना घेण्यास आरंभ केला. ह्या प्रसंगाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

त्यानंतरच्या दशकात व्हिएन्ना, पार्मा, मिलान, म्यूनिक, व्हेनिस आदी शहरांत त्याच्या गायनाचे कार्यक्रम झाले. १७२७ मध्ये बोलोन्या येथे आंतोन्यो बेर्नाक्की ह्या वयाने वडील असलेल्या कास्त्रातोबरोबर त्याची गाठ पडली. फारिनेल्लीने युगुलगीतात घेतलेल्या ताना व अलंकार बेर्नाक्कीने जसेच्या तसे, किंबहुना अधिक सफाईने परत म्हणून दाखविले. फारिनेल्लीने आपला पराभव मान्य केला आणि बेर्नाक्कीकडून मार्गदर्शनही घेतले. १७३१ मध्ये व्हिएन्ना येथे सम्राट सहावा चार्ल्स ह्याने त्याला सौम्य शब्दांत सल्ला दिल्याचे बर्नी सांगतो. त्याच्या गाण्याने श्रोते थक्क होतात. परंतु त्यांच्या अंतःकरणाला हात घालायचा असेल तर ह्याहून साधा मार्ग धरला पाहिजे, असा त्या सल्ल्याचा आशय होता. फारिनेल्लीने तो मनावर घेतला आणि आपल्या गायनात चमत्कृतीबरोबरच करुण व संयत भावाला स्थान दिले.

लंडनमध्ये ह्या सुमारास जॉर्ज फ्रिडरिक हँडल (१६८५–१७५९) ह्याच्या संगीतिका-संस्थेविरुद्ध काही उमरावांनी १७३३ मध्ये प्रतिस्पर्धी संस्था काढली होती. पोर्पोरा हा तिचा संगीतरचनाकार होता आणि युवराज फ्रेडरिक ह्याचा तिला पाठिंबा होता. फारिनेल्लीला आपल्याकडे आणण्याचा हँडलचा पूर्वीचा प्रयत्न फसला होता. आता तो प्रतिपक्षाकडे आला. २९ ऑक्टोबर १७३४ रोजी आर्ताझेर्से ह्या संगीतिकेतून तो लंडनच्या श्रोत्यांसमोर प्रथम आला. तीत योहान आडोल्फ हासे ह्याच्या रचनांबरोबर रिकार्दो ब्रॉस्कीची गीतेही होती. ह्या संगीतिकेसंबंधी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. सेनेझीनो हा दुसरा विख्यात कास्त्रातो क्रूर राजाच्या भूमिकेत होता, तर फारिनेल्ली बेड्या घातलेल्या बंदिवानाच्या. फारिनेल्लीचे पहिलेच गीत ऐकून सेनेझीनो आपली भूमिका विसरला आणि त्याने धावत जाऊन बंदिवानाला मिठी मारली. पोर्पोराच्या पोलिफेमो (१७३५) ह्या संगीतिकेतील संथ व गंभीर गीत हे फारिनेल्लीच्या लंडनमधील कारकीर्दीचे दुसरे मोठे यश होय.

त्याचे वार्षिक वेतन १,५०० पौंड होते; शिवाय त्याच्या लाभासाठी होणाऱ्या खास प्रयोगाचे उत्पन्न आणि धनिकांच्या मौल्यवान भेटी वेगळ्या. ईश्वर एक आणि फारिनेल्लीही एकच, असे उद्गार एका उमराव स्त्रीने नाट्यगृहात काढले. विल्यम होगार्थ ह्या चित्रकाराने १७३५ च्या आपल्या उपहासात्मक चित्रमालिकेत ह्या वेडाची थट्टा केली आहे. हे वेड फार काळ टिकले नाही. एकाच शहरात दोन इटालियन संगीतिका-संस्था चालण्याइतका प्रेक्षकवर्ग नव्हता आणि गायकांची वेतने प्रचंड होती. १७३७ मध्ये उमरावांची संस्था बंद पडली. हँडलचीही प्रकृती व आर्थिक स्थिती ढासळली. त्याच वर्षी उन्हाळ्यात फारिनेल्लीने लंडन सोडले.

गायनशैली : फारिनेल्लीच्या आवाजाचे वर्णन योहान योआखिम क्वांट्स (१६९७–१७७३) ह्या जर्मन बासरीवादकाने केले आहे. त्याने त्याला १७२५-२६ च्या सुमारास ऐकले होते. त्याच्या मते हा आवाज भरीव, तेजस्वी, दूरवर पोहोचणारा व सर्व स्वरांत सारखा होता आणि त्याचा पल्ला दोन सप्तकांहून अधिक होता. पुढे उंच स्वर न गमावता तो खालच्या बाजूस आणखी वाढला. त्याची स्वरशुद्धता, कंपित स्वर, दमसास आणि संथ गीतांतील नवनवीन अलंकार ह्यांची क्वांट्सने प्रशंसा केली आहे. मात्र तारुण्याच्या भरात तो ह्या सामर्थ्याची उधळण करी आणि अभिनयाकडे त्याचे लक्ष कमी असे, हेही त्याने नोंदविले आहे.

एकच स्वर अतिशय हळू आवाजात लावून तो क्रमाक्रमाने फुलवीत नेणे आणि त्याच श्वासात पुन्हा क्षीण करीत आणणे, ही त्या काळी गायकाची कसोटी मानली जाई. तीत फारिनेल्लीचा हात धरणारा कोणी नव्हता, असे समकालीन सांगतात. त्या काळच्या त्रिखंडी गीतात पहिला खंड शेवटी पुन्हा म्हणताना गायकाने स्वतःचे अलंकार घालावेत, अशी अपेक्षा असे. म्हणून रचनाकाराचे स्वरलेखन हा केवळ सांगाडा असे. हे अलंकार उत्स्फूर्त असल्याने बहुधा लुप्त झाले आहेत. फारिनेल्लीच्या बाबतीत सुदैवाने एक मोलाचा पुरावा उरला आहे. १७५३ मध्ये त्याने सम्राज्ञी माराया तेरेझा हिला आपल्या गीतांचे एक हस्तलिखित भेट म्हणून पाठविले. त्यात त्याच्या अलंकारांचे स्वरलेखन आहे. हे हस्तलिखित व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेले आहे.

स्पेनचा दरबार : स्पेनचा राजा पाचवा फिलिप हा दीर्घकाळ विषण्णतेच्या विकाराने ग्रस्त होता. तो दिवसच्या दिवस अंथरुणात पडून राही, दाढी-स्नान करण्यास नकार देई आणि राज्यकारभार टाळी. राणी एलिझाबेथ फार्नेझे हिने संगीताचा उपाय करून पाहण्यासाठी फारिनेल्लीला बोलावून घेतले. पॅरिसमार्गे तो ऑगस्ट १७३७ मध्ये स्पेनमध्ये पोहोचला. राजाच्या शेजारच्या दालनातून त्याचे गायन सुरू झाले, ते ऐकून राजा भानावर आला आणि काय बक्षीस हवे असे त्याने विचारले. तेव्हा राजाने दाढी करून मंत्रिमंडळाच्या बैठकीस जावे, एवढेच फारिनेल्लीने मागितले, अशी कथा सांगतात. राजाने त्याला तत्काळ आपल्या खाजगी सेवेत घेऊन मोठे वेतन बांधून दिले.

त्यानंतर १७४६ मध्ये राजाचा मृत्यू होईपर्यंत फारिनेल्ली राजपरिवारासाठी रोज रात्री गात असे. तीच ठराविक चार गीते आपण दहा वर्षे म्हणत होतो, असे त्याने उतारवयात बर्नीला सांगितले. १७३८ मधील त्याच्या एका पत्रात मात्र रोज आठ-नऊ गीतांचा उल्लेख आढळतो. त्यामुळे चार गीतांची गोष्ट शब्दशः घेता येत नाही. राजाचा विकार समूळ बरा झाला नाही. तथापि त्याला ह्या गायनाने दिलासा मिळे, ह्याविषयी समकालीनांत एकमत आहे. हजारो श्रोत्यांना थक्क करण्यासाठी घडविलेला आवाज आता एका आजारी माणसाच्या उशाशी रोज रात्री कामी येत होता. सम्राट चार्ल्सने दिलेल्या सल्ल्याचे हे एक अनपेक्षित फलित म्हणता येईल.

सहावा फर्डिनँड आणि राणी बार्बारा ही दोघेही संगीतप्रेमी होती. कीबोर्ड-वाद्यांचा थोर रचनाकार दोमेनीको स्कार्लात्ती (१६८५–१७५७) हा राणीचा संगीतगुरू होता. फर्डिनँडने फारिनेल्लीकडे ब्वेन रेतीरो व आरांख्वेस येथील राजवाड्यांतील नाट्यगृहांचे संचालन सोपविले. इटलीहून गायक आणणे, मेतास्ताझ्योच्या संहितांवरील संगीतिका सादर करणे, रंगमंचाची यंत्रसामग्री सिद्ध करणे ह्या कामांत तो निष्णात व्यवस्थापक ठरला. आरांख्वेस येथे तागुस नदीवर त्याने शृंगारलेल्या राजनौकांचा ताफा उभारला. त्या नौकांतून संगीताच्या साथीने राजपरिवाराचा विहार होई. १७५० मध्ये त्याला कालात्राव्हा ह्या सरदारसंघाचा मानकरी करण्यात आले. परदेशी वकील त्याची मर्जी राखण्यासाठी धडपडत. परंतु आपल्या स्थानाचा उपयोग त्याने वैयक्तिक सूड वा लोभ ह्यांसाठी केला नाही, असा लौकिक त्याने मिळविला. दरबारी जीवनात ही गोष्ट दुर्मिळ होती.

अखेरचे दिवस : राणी बार्बारा १७५८ मध्ये आणि राजा १७५९ मध्ये निधन पावला. नवा राजा तिसरा चार्ल्स ह्याला संगीतिकेची आवड नव्हती. त्याने फारिनेल्लीचे वेतन चालू ठेवले, पण त्याला स्पेन सोडण्यास सांगितले. १७६० मध्ये फारिनेल्ली बोलोन्या येथे परतला आणि शहराबाहेर बांधलेल्या आपल्या प्रासादतुल्य घरात राहू लागला. संगीततज्ञ पाद्रे मार्तीनी हा तेथील त्याचा निकटचा मित्र होता. ग्लुक, बालवयीन मोट्सार्ट व त्याचे वडील, बर्नी अशा अनेकांनी त्याची भेट घेतली. बर्नी १७७० मध्ये आला, तेव्हा फारिनेल्लीने गाणे सोडलेले होते. पण तो हार्पसिकॉर्ड व व्हिओला दामोरे ही वाद्ये वाजवी. आपल्या आवडत्या वाद्यांना त्याने राफाएल, कोर्रेज्जो, तित्स्यान अशी थोर चित्रकारांची नावे दिली होती. एप्रिल १७८२ मध्ये मेतास्ताझ्यो व्हिएन्ना येथे मरण पावला आणि पाच महिन्यांनी त्याचा हा ‘जुळा भाऊ’ बोलोन्या येथे निवर्तला. त्याची वाद्ये, स्वरलिपी आणि चित्रे ह्यांचा संग्रह पुढे विखुरला. नेपोलियनच्या काळात त्याचे मूळ दफनस्थान नष्ट झाल्यावर १८१० मध्ये त्याच्या भाच्याच्या मुलीने त्याचे अवशेष बोलोन्याच्या चेर्तोझा दफनभूमीत हलविले.

उत्तरकाल व मूल्यमापन : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अभिरुची पालटू लागली. स्वाभाविकतेचा आग्रह वाढला, नायकाच्या भूमिकेसाठी पुरुषी आवाज रूढ झाला आणि मानवी देहाच्या विटंबनेविरुद्ध लोकमत तीव्र झाले. संगीतिकेतील शेवटचा नामवंत कास्त्रातो जोव्हान्नी बात्तीस्ता व्हेल्लूती ह्याच्यासाठी मायरबेअरने १८२४ मध्ये प्रमुख भूमिका लिहिली. चर्चमध्ये ही प्रथा आणखी काही काळ रेंगाळली. १९०३ मध्ये पोप दहावा पायस ह्याने उंच स्वरांसाठी मुलांचीच योजना करण्याचा आदेश दिला. सिस्टाइन चॅपेलमधील आलेस्सांद्रो मोरेस्की (१८५८–१९२२) ह्याच्या १९०२ व १९०४ मधील ध्वनिमुद्रिका हा कास्त्रातोच्या एकल गायनाचा उपलब्ध असलेला एकमेव ध्वनिपुरावा होय. परंतु मोरेस्की हा निराळ्या युगातला व निराळ्या गायनपद्धतीचा चर्चगायक होता. त्यावरून फारिनेल्लीच्या आवाजाची कल्पना करणे योग्य ठरणार नाही. १९९४ च्या फारिनेल्ली ह्या चित्रपटासाठी एका पुरुषाचा व एका स्त्रीचा आवाज इलेक्ट्रॉनीय तंत्राने एकत्र करून तसा आवाज निर्माण करण्याचा प्रयत्न झाला. अलीकडे उंच आवाजाचे पुरुष गायक आणि स्त्री गायिका त्याच्यासाठी रचलेली गीते पुन्हा गाऊ लागल्या आहेत.

२००६ मध्ये फारिनेल्लीचे अवशेष अभ्यासासाठी बाहेर काढण्यात आले. ते बरेच खंडित झालेले होते. तरीही कवटीच्या पुढील हाडाची आतील बाजू जाड झाल्याचे आढळले. हे लक्षण एरवी उतारवयातील स्त्रियांत अधिक व पुरुषांत क्वचित दिसते आणि त्याचा संबंध हॉर्मोनांच्या अभावाशी जोडला जातो. सत्याहत्तर वर्षांच्या त्या वृद्धाच्या हाडांत बालपणीच्या शस्त्रक्रियेची खूण अखेरपर्यंत राहिली होती. त्याचा आवाज त्याच्याबरोबर गेला. मागे उरली ती काही कागदांवरील स्वरांची नोंद आणि ही हाडे. पहिलीवरून माणसाला गळ्यातून काय साधता येते ह्याची, तर दुसऱ्यांवरून ते साधण्यासाठी एका मुलाकडून, त्याला न विचारता, काय घेण्यात आले ह्याची साक्ष मिळते.